मदत हवी आहे: कंबोडिया-व्हिएतनाम सीमेबद्दल काय वाचावं?

नमस्कार मंडळी. अंगकोर वाट बघून महिना झाला, पण देवळापेक्षा आमच्या गाइडताईंचं बोलणंच डोक्यात घोळतंय. जेवताना त्यांनी ओल्या बोटाने टेबलावर मेकाँगचा त्रिभुज प्रदेश काढला. "हे कंपुचिया क्रोम. आमचं होतं." सायगावला त्या अजूनही प्रे नोकोर या जुन्या ख्मेर नावानेच ओळखतात.

१९४९ मध्ये फ्रान्सने हा भाग, म्हणजे कोचिनचायना, व्हिएतनामकडे सोपवला, एवढं मला सापडलं. पुढे १९७९ मध्ये व्हिएतनामी फौजांनी कंबोडियातली पोल पोट या हुकूमशहाची राजवट उलथवली, पण त्या १९८९ पर्यंत तिथेच राहिल्या. सुटका म्हणायची की ताबा? ताईंना दोन्ही म्हणायचं होतं, असं मला वाटलं. १९८५ चा सीमा करार याच काळातला, म्हणून त्यावर एवढा अविश्वास. २००५ च्या पुरवणी करारानेही तो मिटला नाही.

दोन्ही बाजू नीट मांडणारं पुस्तक कुणाला माहीत आहे का? फ्रेंच येणाऱ्या कुणी १९४९ चा कायदा समजावून दिला तर फार उपकार होतील. आणि कंबोडियातल्या तोन्ले साप सरोवरावर तरंगत्या घरांत राहणाऱ्या गरीब व्हिएतनामी कुटुंबांनाही या रागाची झळ बसते, ते मनाला फार लागलं. त्यांच्याबद्दल कुणी वाचलं असेल तर तेही सांगा.