मदत हवी आहे: उन्हाळ्यात वाइन कशी जपायची?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहतो. 2009 पासून चाखलेल्या प्रत्येक वाइनबद्दल वहीत चार ओळी लिहितो. शिक्षण काही नाही, निव्वळ आवड. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये मला चक्क हिरव्या मिरचीचा वास आला, तेव्हा वाटलं आपलंच नाक चुकतंय. नंतर कळलं, पायराझिन नावाच्या द्रव्यामुळे तो खरंच येतो. शिराझ या लाल वाइनमधला काळ्या मिरीचा वासही तसाच खरा. तेव्हापासून मी मराठीतच नोंदी करतो: जांभळाचा तुरटपणा, कोकमाचा आंबटपणा, पावसाच्या पहिल्या सरीचा वास. शेनिन ब्लां ही पांढरी वाइन मात्र ताजी असतानाच संपवावी, हे माझं ठाम मत.

आता अडचण. लेकीच्या जन्मवर्षाची, 2016 ची शिराझ तिच्या अठराव्या वाढदिवसासाठी ठेवली आहे. त्याच शिराझची दुसरी बाटली गेल्या मे महिन्यात उघडली, तर चव उकडलेल्या मनुकांसारखी! फार वाईट वाटलं. कपाटात तापमान 35 अंशांच्या वर जातं. वाइनला 12 ते 15 अंश हवेत, आणि घरचा फ्रिज 4-5 अंशांवर असतो. शिवाय त्यातली हवा कोरडी, त्यामुळे बूच आक्रसेल अशी भीती.

वाइनसाठीचा खास फ्रिज सध्या परवडणारा नाही. भाजीच्या कप्प्यात बाटली आडवी ठेवून कुणी काही वर्षं काढली आहेत का? बूच टिकलं का? आणि उरलेली बाटलीही आतून बिघडली असेल का, हे न उघडता ओळखता येतं का?