पुणे १२०० मी.: घोडीचा फॉर्म गेलाय की परिस्थिती नडतेय?

रेसबुकवाला:
४ वर्षांची घोडी. जुन्यापासून नव्यापर्यंतच्या धावा:
महालक्ष्मी (मुंबईचा रेसकोर्स) १२०० मी., पाठीवर ५३ किलो, पहिली.
महालक्ष्मी १२०० मी., ५७ किलो, दुसरी, १ लेंग्थने (घोड्याच्या एका लांबीने) मागे.
महालक्ष्मी १४०० मी., ५६.५ किलो, पाचवी, ६ लेंग्थ.
तीन महिन्यांच्या सुट्टीनंतर पुणे १४०० मी., ५६ किलो, सातवी, ९ लेंग्थ, ट्रॅक मऊ.
आता पुण्यात १२०० मी., ५४.५ किलो, ड्रॉ ९ (सुटताना आतून नववी जागा), पहिल्यांदाच ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूच्या झापडा). घोडी उतरणीला लागली, की पावसाळी ट्रॅक तिला चालत नाही?

वजनकाटा:
नंबर बाजूला ठेवा, वजन बघा. आपल्याकडे रेटिंगचा (घोड्याच्या ताकदीचा आकडा, त्यावरून वजन ठरतं) १ पॉइंट म्हणजे अर्धा किलो. १२०० मीटरला साधारण १.१ किलोला १ लेंग्थ धरतात, २४०० ला ०.७ च्या आसपास. म्हणजे जिंकल्यानंतर चढलेले ४ किलो साडेतीन लेंग्थच्या तोलाचे, आणि ती हरली एकाच लेंग्थने. समोरचे घोडे तेवढ्याच ताकदीचे असतील तर तिची सर्वांत चांगली धाव ही दुसऱ्या नंबरची, जिंकलेली नाही. त्या रेसमध्ये तिच्या मागे राहिलेले घोडे पुढे काय धावले ते काढा. त्यांतले दोन-तीन नंतर जिंकले असतील तर तो फॉर्म पक्का.

फॉल्स रेल:
मऊ ट्रॅकवर खापर फोडायची घाई नको. पुण्याच्या धावेत तीन गोष्टी एकत्र आल्यात: सुट्टी, १४०० मीटर आणि ओली माती. महालक्ष्मीला ट्रॅक कोरडा होता, तरी १४०० वर ती मागे पडलीच. दोन्ही रेसचे व्हिडिओ लावा. शेवटच्या २०० मीटरला दम संपला असेल तर अंतर नडलं. वळणाआधीच जॉकी हात चालवत असेल तर माती किंवा तयारी.

त्या दिवशीचं पेनेट्रोमीटर (ट्रॅक किती मऊ ते मोजणारं यंत्र) रीडिंगही लिहून ठेवा. आकडा मोठा तितका ट्रॅक मऊ. फॉल्स रेल (आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण) वेगळ्या जागी असेल तर दोन दिवसांच्या वेळा थेट ताडून बघू नका. त्याच दिवसाच्या, त्याच अंतराच्या दुसऱ्या रेसशी ताडा.

ड्रॉ ९ ची मला जास्त धास्ती वाटते. वळण अर्धवर्तुळ धरलं तर १ मीटर बाहेरून धावणं म्हणजे ३ मीटर जास्त, एका लेंग्थहून अधिक. तीन घोड्यांच्या बाहेरून वळली तर वजनातला फायदा तिथेच गेला. मात्र पावसात आतली पट्टी उखडली असेल तर बाहेरचा ड्रॉच बरा पडतो. त्याच दिवसाच्या पहिल्या दोन रेसमध्ये जिंकणारे कुठून आले ते बघून मगच ठरवा.

पहाटेचं वर्क:
मॉर्निंग वर्कमध्ये (पहाटेच्या सरावात) ६०० मीटरचा नुसता आकडा फसवतो. वर्क वाळूवर असतं, रेस गवतावर. जॉकी होता की रायडिंग बॉय (सरावाला घोडा पळवणारा), सोबतचा घोडा कोणत्या रेटिंगचा, आपणहून पळाली की रेटावी लागली, हे वाचा. सुट्टीनंतरची ही दुसरी धाव, त्यामुळे दोन धावांच्या मधे एक तरी दमदार वर्क हवंच. ब्लिंकर्सने काही घोडे सुरुवातीलाच सुसाट सुटतात. १२०० ला ते खपतं, १४०० ला नाही.

रेसबुकवाला:
व्हिडिओ पाहिले. दोन्ही १४०० मध्ये ४०० च्या खांबापर्यंत (शेवटाला ४०० मीटर उरेपर्यंत) ती पुढच्या तिघांत आहे, शेवटच्या २०० ला थांबते. पुण्यातही वळणावर लगाम हातातच आहे, जॉकी रेटत नाहीये.

फॉल्स रेल:
मग अंतरच. मातीबद्दल तिच्याविरुद्ध अजून काहीच पुरावा नाही. ५४.५ वर १२०० ला ती हिशेबात धराच. फक्त आतली पट्टी शाबूत असेल तर ड्रॉसाठी दोन लेंग्थ वजा करा.