मदत हवी आहे: देवावरचा भरवसा दिवसभर कसा टिकवावा?

सोलापूरकरांना ग्रामदैवत सिद्धेश्वर पाठीशी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. सिद्धेश्वर म्हणजेच शिवयोगी संत सिद्धरामेश्वर; त्यांनी स्थापिलेली ६८ शिवलिंगे म्हणजे गावाभोवतीचे रक्षणाचे कडेच, असे माझ्या सासूबाई म्हणत. तळ्यातल्या मंदिरात हात जोडताना माझेही मन निवांत असते. मात्र मुलगा दुचाकीवरून पुणे रस्त्याने चिंचोळीच्या कारखान्यात रात्रपाळीला निघाला, की त्याच्या कपाळी लावलेली विभूती विसरून मी घड्याळाकडेच पाहत बसते आणि पोहोचल्याचा फोन येईपर्यंत तव्यावरची भाकरी करपते. (हेल्मेटचा आग्रह अर्थातच सोडलेला नाही.) देवळातला तो भरवसा घरकामात, वाट पाहताना टिकावा म्हणून आपण नेमके काय करता? नामस्मरण, एखादा नेम, की आणखी काही? कृपया स्वानुभव कळवावा.