मदत हवी आहे: अंगणवाडीत बसून बघणारं कुणी मिळेल का?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडचा साडेतीन वर्षांचा एक मुलगा दिवाळीनंतर इतर मुलांना चावायला लागलाय. एरवी बोलतो नीट, खेळतो छान. खाऊ वाटताना गलका वाढला की बिनसतं. वडील कामासाठी बाहेरगावी, घरी आजी. बाकीचे पालक म्हणतात, "काढून टाका त्याला." ते मी करणार नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, गरज वाटली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) पाठवतं. ते करूच. पण तिथे मुलाला तपासतात, वर्गाला नाही. मला हवंय ते असं: कुणीतरी सकाळभर इथे बसावं, माझं आणि मदतनीसताईंचं वागणंही बघावं आणि खाऊच्या वेळी नेमकं काय बदलायचं ते सांगावं. पोरावर शिक्का नको.

असं काम करणारे समुपदेशक किंवा संस्था आपल्या भागात कुणाला माहीत आहेत का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणा सेविकेने मुलांबद्दल विचारलंय का, काय अनुभव आला? आणि आजींकडे विषय कसा काढू? लगेच म्हणतात, "आमचं पोर काय वेडं आहे का!"