जुन्या साड्यांची गोधडी मध्ये फुगते आणि टाक्यालगत फाटते. कुठे चुकतंय?

काठपदर:

घरात सहा जुन्या सहावारी साड्या आहेत, चार सुती आणि दोन पॉलिस्टर. त्यातून एका माणसाच्या अंथरुणाची, साधारण ५ फूट बाय ७ फूट गोधडी करायची आहे. याआधी केलेली गोधडी दोन धुण्यांतच बिघडली. मधोमध मोठा फुगा आला, आणि टाक्यांच्या रांगेला लागून कापड चिरत गेलं. दोरा मात्र कुठेही तुटलेला नाही. शिवताना कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी आत गेले होते. दोरा मशीनच्या रिळाचा, पॉलिस्टरचा, दुहेरी घेतला होता.

किती साड्या लागतील, दोरा कुठला घ्यायचा, आणि हाच प्रकार परत होऊ नये म्हणून काय करायचं? पॉलिस्टरच्या साड्या आत घातल्या तर चालतील का?

धावदोरा:

दोरा शाबूत आणि कापड फाटलं, यातच निम्मं उत्तर आहे. विरलेल्या सुती कापडापेक्षा पॉलिस्टरचा दोरा कितीतरी चिवट असतो, शिवाय बारीक. धुताना ओल्या गोधडीचं सगळं वजन टाक्यांवर येतं आणि तो दोरा सुरीसारखा कापडात उतरतो. गोधडीत दोरा कापडापेक्षा किंचित कमजोरच हवा. दोरा तुटला तर तेवढी रांग पुन्हा घालता येते, कापड चिरलं तर ठिगळाशिवाय इलाज नाही. जाड सुती दोरा घ्या, ‘गोधडीचा दोरा’ म्हणून मागितला तरी मिळतो. तो एकेरीच वापरा आणि ओवण्याआधी मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या, म्हणजे पीळ पडून गुंता होत नाही. एका वेळी हातभर-दीड हातच दोरा ओवावा. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो आणि शेवटाकडे पिंजतो.

आता साड्यांचा हिशेब. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४४ इंच पन्ह्याची. तिचे ६४ इंचांचे तीन तुकडे पडतात, वर २४ इंच उरतात. पदर गोधडीवर दिसायला हवा असेल तर तो या २४ इंचांत जाऊ देऊ नका. तुकडे आडवे ठेवून दोन तुकडे ६४ इंचांच्या कडेला कड लावून जोडले की ६४ बाय ८७ चा एक थर झाला. थराला दोन तुकडे आणि साडीला तीन, म्हणजे तीन साड्यांत चार थर होऊन एक तुकडा उरतो. तो गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला ठेवा. त्यातून साडेतीन इंच रुंदीच्या पाच पट्ट्या काढल्या तर चारी बाजू फिरून येतात. शिवताना गोधडी दोन-तीन इंच आखडते, ते धरून माप तुम्हाला हवं तेवढंच बसेल. चार थर बाराही महिने वापरायला पुरतात. थंडीसाठी पाच करा, पण सहाव्या थरापासून हाताने सुई आरपार काढताना बोटांचे हाल होतात, टाके मोठे पडतात आणि मग गोधडी ढिली राहते.

जोड एकाखाली एक येऊ देऊ नका. चारही थरांचे जोड मधोमध आले तर तिथे दोरीसारखा उंचवटा होतो, झोपल्यावर पाठीला टोचतो आणि सर्वांत आधी तोच झिजतो. दोन थरांत जोड मध्ये ठेवा. उरलेल्या दोनांत अख्खा तुकडा मध्ये ठेवून दुसऱ्याच्या ६४ बाय २२ च्या दोन पट्ट्या कापून दोन्ही बाजूंना लावा. आतल्या थरांचे जोड शिवायचीही गरज नाही, एक इंच एकमेकांवर चढवून ठेवले की पुरे. वरच्या आणि खालच्या थराला मात्र टीप मारून घ्या.

कापण्याआधी प्रत्येक जुनेर खिडकीपुढे उजेडात धरून पाहा. नेसणीच्या साडीत झीज ठरावीक जागी असते: बसण्याची जागा, निऱ्यांचा खालचा काठ, आणि खांद्यावर पिन लागते तिथली बारीक भोकं. कमरेला आत खोचलेलं टोक बहुतेक वेळा नव्यासारखं असतं. अंगठ्यांनी दोन्हीकडे ताण देऊन बघा. चर्र आवाज आला किंवा धागे सरकले तर तो भाग वर-खाली नको, आतल्या थरात टाका. फॉल उसवून काढा, कारण तो बहुधा दुसऱ्या जातीचा असतो आणि वेगळा आटतो. जरीचा काठही काढा, तो अंगाला ओरखडतो. सगळं कापड एकदा कोमट पाण्यात धुऊन स्टार्च पूर्ण घालवा. खळ राहिलेल्या गोधडीला पेटीत कसर हमखास लागते.

उभाआडवा:

दोऱ्याचं वरचं सगळं मान्य. फुग्याबद्दल लिहितो. कडेकडून आत चौकोनी फेऱ्यांनी शिवण्यात चूक काहीच नाही, पुष्कळ ठिकाणी गोधडी अशीच घालतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची गोधडी, ‘कवंद’, अशीच कडेपासून आत शिवत नेतात आणि शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेले तिकोनी तुकडे, ‘फुलं’, लावतात. चूक होते ती टाचण्यात. प्रत्येक टाका कापड केसभर पुढे ढकलतो. कडा आधी बंद झाल्या की ढकललेलं कापड जाणार कुठे? मध्येच साठणार.

म्हणून आधी कच्चे टाके, आणि ते मात्र मधून बाहेर. फरशी पुसून कोरडी करा. सर्वांत खालचा थर सुलट बाजू जमिनीकडे करून पसरा आणि चार कोपऱ्यांवर पाट किंवा विटा ठेवा. प्रत्येक थर टाकल्यावर तळहाताने मधून कडेकडे चुण्या सारत या. कापड ताणायचं नाही, फक्त सपाट करायचं. ताणून टाचलेला थर सोडल्यावर आखडतो आणि दुसऱ्या थरावर चुण्या पाडतो. चारही थर झाले की मध्यापासून चारी दिशांना अधिक चिन्हासारख्या दोन ओळी टाचा, मग दर सहा इंचांवर उभ्या-आडव्या. टाका दोन इंचांचा असला तरी चालेल, दोरा कुठल्याही भडक रंगाचा घ्या म्हणजे नंतर उसवताना सापडतो. या कामाला दोन-अडीच तास जातात आणि इथेच बहुतेकजण घाई करतात. एकदा असं टाचलं की पक्का धावदोरा कडेपासून घाला की मधून, फुगा येत नाही.

पक्क्या रांगा एक इंच अंतरावर, इंचात चार टाके. सुई उभी खाली घालून पुन्हा वर, असं एकेक करू नका. गोधडी मांडीवर घेऊन खालच्या हाताचं बोट सुईच्या टोकाशी ठेवायचं, टोक लागलं की लगेच सुई वर वळवायची, आणि सुईवर तीन-चार टाके जमले की एकदम ओढायचं. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. दोरा ओढताना कापडावर खळी पडली की थांबा, त्यापुढे ओढलं तर रांग चुणते. दोऱ्याची गाठ वर ठेवायची नाही. सुई अर्धा इंच अलीकडे वरच्या थरात घालून हलका झटका दिला की गाठ ‘टक्’ करून आत जाते.

६४ बाय ८७ ला एक इंच अंतराने सुमारे १४० मीटर शिलाई भरते. थरांतून वर-खाली जाणं आणि गाठी धरून १७० मीटर दोरा आणा. रांगा लांबीने घाला की चौकोनी फिरवा, हिशेब तोच. एकाच वेळी सगळा घ्या, पुढच्या खेपेला पांढऱ्याची छटा हटकून वेगळी निघते.

पॉलिस्टरबद्दल: मधल्या एका थरात चालेल असं माझं मत. गोधडी हलकी होते आणि पावसाळ्यात लवकर वाळते.

धावदोरा:

@उभाआडवा, पॉलिस्टरवर थोडा मतभेद. सुती कापड घाम शोषतं, पॉलिस्टर शोषत नाही, त्यामुळे मधला थर तसा घातला की उन्हाळ्यात ती गोधडी अंगावर नकोशी होते. शिवाय ते गुळगुळीत असल्याने वरचे-खालचे थर त्यावरून सरकतात. घालायचंच असेल तर फक्त थंडीच्या गोधडीत, आणि कच्चे टाके सहाऐवजी चार इंचांवर. बाळाच्या दुपट्यात अजिबात नको. साडी कशाची आहे याची खात्री नसेल तर काठातला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो.

काठपदर:

दोघांचेही आभार. चार सुती साड्यांपैकी एक गडद लाल आहे. तिचा रंग दुसऱ्यांना लागेल का? आणि गोधडी मशीनवर केली तर?

सांगलीकर:

आमच्या भागात वाकळ म्हणतात, कृती हीच.

लाल साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर मिठाच्या पाण्यात भिजवून तो पक्का होईल या भरवशावर राहू नका. साडी वेगळी तीन-चार वेळा धुवा. तरीही पाणी रंगीत येत असेल तर ती या गोधडीत नको, गडद कापडांच्या पायपुसण्यात घाला.

मशीनवर करता येते, पण घरगुती मशीनचे दाते फक्त खालचा थर पुढे नेतात, वरचा मागे राहतो. रांगेच्या शेवटी अर्धा-पाऊण इंच कापड गोळा होतं ते यामुळे. ‘वॉकिंग फूट’ नावाचा मशीनचा सुटा पाय मिळतो, तो वरचा थरही सोबत चालवतो. तो बसवा, फूटचा दाब कमी करा, सुई १६ नंबर, टाका ४ मिलिमीटर, आणि एक रांग वरून खाली तर शेजारची खालून वर. बॉबिनमध्येही सुतीच दोरा. रांगा दोन इंचांवर ठेवल्या तरी चालतात, कारण मशीनची टीप घट्ट असते. इंच-इंचावर मारली तर गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. हाताच्या टाक्याचा मऊपणा मशीनला येत नाही, एवढं मात्र खरं.

गोट शेवटी लावायचा. आधी कडा सरळ कापून, कडेपासून पाव इंचावर सगळे थर एकत्र टिपून घ्या. साडेतीन इंची पट्टी उभी दुमडून पावणेदोन इंच करा, तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून अर्ध्या इंचावर शिवा, आणि दुमड मागे वळवून हाताने हेम करा. कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबून पट्टी वर दुमडून मग खाली आणली की कोपरा टोकदार बसतो.

तुमच्या पॉलिस्टर साड्यांचं वेणीचं पायपुसणं करा. पातळ साडीला साडेतीन इंचांच्या पट्ट्या, तीन पेडांची पाऊण इंच जाडीची वेणी. १८ बाय २८ इंच लांबट गोलाला जवळपास १५ मीटर वेणी लागते, आणि त्याला एक साडी जवळजवळ पूर्ण संपते. मधली पहिली वेणी लांबी वजा रुंदी एवढी, म्हणजे इथे १० इंच, मग तिच्याभोवती गुंडाळत शेजारच्या वेणीचे पेड एकमेकांत ओवत जायचं. सरळ बाजूला पेडाला पेड. वळणावर बाहेरच्या वेणीचा एखादा पेड सोडून पुढचा घ्या, म्हणजे बाहेरच्या वेणीला जास्त लांबी मिळते. नाही सोडला तर पायपुसणं परातीसारखं कडेने उचलतं, जास्त सोडले तर कडेला लाटा येतात. दर दोन फेऱ्यांनी जमिनीवर ठेवून तळहाताने दाबून बघा, बिघडलं असेल तर तेवढंच उसवा. हे दाराबाहेर धुळीसाठीच. न्हाणीघरापाशी नको, पाणी शोषत नाही आणि फरशीवर सटकतं. तिथे जुन्या टॉवेलचे दोन थर सुती कापडात घालून शिवलेलं बरं.

उभाआडवा:

धुण्याचं राहिलं. पहिल्या दोन वेळा एकटीच, थंड पाण्यात, भिजत न ठेवता. पिळू नका. पायऱ्यांवर किंवा कठड्यावर दुमडून ठेवा आणि पाणी निथळू द्या, मग दोन दोऱ्यांवर मिळून पसरा. एकाच दोरीवर टाकलेल्या ओल्या गोधडीचा सगळा भार मधल्या चार-पाच रांगांवर येतो, आणि टाके ढिले पडायला सुरुवात तिथूनच होते.