हेन्री शेफ्लिन यांची कारकीर्द इतकी मोठी का मानली जाते?

प्रश्न:
आयर्लंडच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या मैदानी खेळात किलकेनी परगण्याच्या संघातील हेन्री शेफ्लिन यांचे नाव फार आदराने घेतले जाते. परगण्यांच्या संघांमध्ये दरवर्षी होणाऱ्या अखिल आयर्लंड स्पर्धेच्या दहा विजेतेपदांखेरीज त्यांच्या मोठेपणाची आणखी कोणती कारणे आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
माझ्या मते दुखापतींवर केलेली मात हेच खरे कारण आहे. २००७ च्या अंतिम सामन्यात त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा विजेत्या संघात होते. २०१० मध्ये पुन्हा गुडघा दुखावलेला असताना ते टिपररीविरुद्ध अंतिम सामन्यात उतरले. मात्र सुरुवातीलाच त्यांना मैदान सोडावे लागले आणि किलकेनीचे सलग पाचवे विजेतेपद हुकले. त्यानंतर २०१२ मध्ये ते तिसऱ्यांदा वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरले, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. पण त्यांची निर्णयबुद्धीही पाहावी. २०१२ च्या अंतिम सामन्यात गॉलवेशी बरोबरी असताना अखेरच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली, तेव्हा गोलच्या तीन गुणांचा मोह टाळून त्यांनी चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून मारला आणि हमखास एक गुण घेतला. गॉलवेने बरोबरी साधली खरी, परंतु फेरसामना किलकेनीने जिंकला.

प्रतिसाद ३:
हर्लिंगपटूंना वेतन मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे. शेफ्लिन हे सारे नोकरी सांभाळून, आपल्या बॅलीहेल शॅमरॉक्स या गावच्या क्लबकडूनही खेळत करत होते.