मदत हवी आहे: लॉगिन होत नाही, गाडी दारात उभी आहे

म्हापशेकार: सकाळपासून लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर आहे, दहादा तपासला. कोल्हापूरला साठ डबे काजूगर जायचे आहेत. गाडी भरून ताडपत्रीसुद्धा बांधून झाली, ड्रायव्हर साडेनऊपासून पायरीवर बसून आहे. लवकर कुणीतरी सांगा.

फोंड्याचा हिशेबनीस: कशाचं लॉगिन? हिशेबाची टॅली, जीएसटी पोर्टल की माल नेण्याचं ई-वे बिल? तिन्हींचे पासवर्ड वेगळे. आणि स्क्रीनवर काय येतं ते जसंच्या तसं टाका.

वास्कोवाला: कॅप्स लॉक बघा आधी. कीबोर्ड मराठीवर राहिला तरी असंच होतं.

मडगावकर: टॅली असेल तर सांगून ठेवतो, हिशेब कुलूपबंद करणाऱ्या व्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर तो कुणालाच काढून देता येत नाही. माझ्या मेहुण्याचे दोन वर्षांचे हिशेब तसेच अडकून पडले आहेत. वहीत लिहून ठेवा.

फोंड्याचा हिशेबनीस: टॅलीचं त्यांनी विचारलेलंच नाही.

मडगावकर: नसेल विचारलं. वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

म्हापशेकार: अहो ई-वे बिलच. माल राज्याबाहेर जातोय म्हटल्यावर आणखी काय असणार? पासवर्ड घेतो, पुढे ओटीपी मागतो, तो येत नाही.

फोंड्याचा हिशेबनीस: ओटीपी कुणाच्या नंबरावर जातो?

म्हापशेकार: आधीच्या अकाउंटंटच्या. नोकरी सोडली तरी रोज फोनवर आकडा सांगायचा, कधी कंटाळला नाही. मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर पासवर्डही त्याच्याच अक्षरात आहे. गेल्या आठवड्यात तो बोटीवर चढला. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतो, पण इथल्या सिमवरचे एसएमएस त्याला तिथे मिळत नाहीत.

फोंड्याचा हिशेबनीस: हे पहिल्याच ओळीत हवं होतं. १ एप्रिल २०२५ पासून दुहेरी पडताळणी सगळ्यांनाच सक्तीची आहे, नुसत्या पासवर्डवर आत जाता येत नाही. उपयूजर, म्हणजे त्याच खात्याचं दुसऱ्या माणसासाठीचं लॉगिन, केलेला आहे का? त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नंबरावर येतो.

म्हापशेकार: नाही केला. गरजच वाटली नाही.

डिचोलीची वहिनी: एनआयसी-जीएसटी-शील्ड अ‍ॅप घ्या. दर ३० सेकंदांनी नवा ओटीपी दाखवतं, नेट नसलं तरी चालतं. फोनचं घड्याळ तेवढं बरोबर हवं. मी तेच वापरते.

फोंड्याचा हिशेबनीस: वहिनी, अ‍ॅप चांगलंच आहे, पण तेही नोंदवलेल्या नंबरावरच चालू होतं. आज यांच्या कामाचं नाही.

पेडणेकर: एवढं कशाला, पक्कं बिल हातात देऊन गाडी सोडा. पत्रादेवीच्या नाक्यावर रोज थोडीच अडवतात.

फोंड्याचा हिशेबनीस: कृपा करून असले सल्ले देऊ नका. पकडला तर जीएसटी कायद्याचं कलम १२९ लागतं. मालक पुढे आला तरी कराच्या दुप्पट दंड, आणि तो भरेपर्यंत माल आणि गाडी दोन्ही अडकून. म्हापशेकार, ट्रान्सपोर्टर नोंदणीकृत असेल तर तुमच्या संमतीने तोच बिल काढू शकतो. नसेल तर कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला फोन लावा. तो जीएसटीत असला तर माल घेणारा म्हणून त्यालाही काढता येतं. इन्व्हॉइसचा फोटो पाठवा, मालाचा एचएसएन कोड आणि गाडीचा नंबर स्पष्ट दिसू दे.

वास्कोवाला: हे मलाही माहीत नव्हतं.

फोंड्याचा हिशेबनीस: आणि सोमवारी कागदपत्रं घेऊन तुमच्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे जा. अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि ईमेल ते बदलून देतात. नंबर मालकाचा द्या, अकाउंटंटला उपयूजर करा. माणूस गेला की त्याचा उपयूजर बंद करायचा, धंदा अडत नाही.

म्हापशेकार: ट्रान्सपोर्टरने काढून दिलं! प्रिंट हातात आहे. पाच तास त्या ड्रायव्हरला बसवून ठेवल्याचं फार वाईट वाटलं, जेवूनच जा म्हटलं. हिशेबनीस, तुमचे उपकार आहेत. सोमवारी नंबराचं काम करतोच.

पेडणेकर: आंबोली घाटात धुकं असेल, फोंडाघाटाने पाठवा.

म्हापशेकार: ड्रायव्हर आजऱ्याचा आहे, आंबोलीनेच जाणार. वाटेत घरी आईला भेटून पुढे निघतो म्हणाला.